सर्व्हरवर पॅकेजेस कशी सांभाळायची: वाय दाबायच्या आधी ॲप्ट काय म्हणतंय ते वाचा

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सचा सर्व्हर हातात आला की बरेच जण नेटवर सापडलेल्या चार कमांड कॉपी करतात, पेस्ट करतात, शेवटी -वाय लावलेलं असतं त्यामुळे काही विचारत पण नाही, सगळं धडाधड इन्स्टॉल होतं आणि झालं काम. काम होतं, त्यात वाद नाही. पण काही महिन्यांनी मोठा अपडेट करायची वेळ येते तेव्हा या मशीनवर काय कुठून आलंय, कोणी टाकलंय, काढलं तर काय बंद पडेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग लोक अपडेट करायलाच घाबरतात. अपडेट न केलेला सर्व्हर नेटवर उघडा असणं हे तर त्याहून वाईट.

माझं सांगणं एवढंच आहे की पॅकेज मॅनेजर, म्हणजे पॅकेजेस (प्रोग्राम) टाकणारा-काढणारा ॲप्ट, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो आणि काही करायच्या आधी काय करणार ते सांगतो. ती नोंद बिघडू द्यायची नाही आणि सांगतोय ते वाचायचं. बाकी सगळ्या कमांड याच दोन गोष्टींसाठी आहेत. कमांड मी खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

आधी हे समजून घ्या की इथे दोन थर आहेत. खालचा थर डीपीकेजी, तो .डेब फाइल (पॅकेजची फाइल) उघडतो, आतल्या फाइल्स जागेवर ठेवतो आणि नोंद करतो, बस. एखाद्या पॅकेजला दुसरं पॅकेज लागत असेल तर डीपीकेजी तक्रार करून थांबतो, स्वतः जाऊन आणत नाही. ते आणायचं काम वरच्या थराचं म्हणजे ॲप्टचं, रिपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या नेटवरच्या साठ्यातून) शोधायचं, सही तपासायची, कशाला काय लागतं याचा हिशेब लावायचा आणि मग डीपीकेजीच्या हातात द्यायचं. डेबियन १९९३ मध्ये सुरू झालं आणि ॲप्ट १९९९ मध्ये २.१ व्हर्जनबरोबर त्यात आलं. आपण टाइप करतो ती छोटी ॲप्ट कमांड तर २०१४ ची आहे, त्याआधी ॲप्ट-गेट आणि ॲप्ट-कॅश अशा वेगवेगळ्या वापरायला लागायच्या. त्या अजून आहेत आणि स्क्रिप्टमध्ये ॲप्ट-गेटच वापरा, कारण ॲप्टचं आउटपुट माणसाने वाचायला बनवलंय आणि ते पुढे बदलू शकतं, स्क्रिप्टमध्ये वापरलं तर ते स्वतःच तशी वॉर्निंग देतं.

आता रोजचं काम. कमांडच्या सुरुवातीचं सुडो म्हणजे ती ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं.

सुडो ॲप्ट अपडेट
ॲप्ट लिस्ट --अपग्रेडेबल
सुडो ॲप्ट अपग्रेड

पहिली कमांड काहीही इन्स्टॉल करत नाही, नवीन लोकांचा हमखास गोंधळ होतो इथे. ती फक्त रिपॉझिटरीत आज काय काय उपलब्ध आहे त्याची यादी ताजी करते. यादी जुनी असेल तर इन्स्टॉल करताना ४०४ एरर येते, कारण यादीत असलेलं व्हर्जन रिपॉझिटरीतून कधीच गेलेलं असतं, तेव्हा ४०४ दिसला की आधी अपडेट चालवा आणि मग पुढचं बघा. आणि अपडेट चालवताना खाली एरर किंवा वॉर्निंगच्या ओळी आल्या तर त्या सोडून पुढे जाऊ नका, एखाद्या रिपॉझिटरीच्या कीची (सही तपासायच्या किल्लीची) मुदत संपली असेल तर तिथली जुनीच यादी वापरली जाते आणि तुम्हाला वाटतं सगळं अपडेट झालं.

अपग्रेड आणि फुल-अपग्रेड यातला फरक सर्व्हरवर फार महत्त्वाचा. ॲप्ट अपग्रेड गरज पडली तर नवीन पॅकेज आणेल पण असलेलं एकही काढणार नाही. फुल-अपग्रेड काढू शकतं. जुनं ॲप्ट-गेट अपग्रेड तर नवीन पण आणत नाही, त्यामुळे कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) अपडेट त्याने मागे राहतात, कारण कर्नलचं प्रत्येक नवीन व्हर्जन हे नवीन नावाचं पॅकेज असतं. लाइव्ह सर्व्हरवर मी रोजच्यासाठी साधं अपग्रेडच सांगेन, फुल-अपग्रेड तेव्हाच जेव्हा तुम्ही काय निघणार ती यादी बघितली आहे आणि ते निघालेलं चालणार आहे.

ती यादी नेमकी कशी वाचायची ते एका उदाहरणावर बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. समजा सर्व्हरवर मारियाडीबी हा डेटाबेस चालू आहे आणि कोणीतरी नवीन ॲपच्या सूचना वाचून सुडो ॲप्ट इन्स्टॉल मायएसक्यूएल-सर्व्हर टाइप केलं. उबुंटूवर हे दोन्ही डेटाबेस एकत्र राहू शकत नाहीत, पॅकेज बनवतानाच तसं लिहिलेलं आहे. ॲप्ट काय करतं, तर तुम्ही मायएसक्यूएल मागितलंय ना, मग मारियाडीबी काढावं लागेल असा हिशेब लावतं आणि तो हिशेब तुमच्यापुढे ठेवतं. आधी एक यादी येते नवीन इन्स्टॉल होणाऱ्यांची, आणि त्याच्या आसपास एक यादी येते जिच्या मथळ्यात (डेबियन १२ किंवा उबुंटू २४.०४ वर) रिमूव्हड हा शब्द कॅपिटल अक्षरांत असतो, तिच्यात मारियाडीबी-सर्व्हर लिहिलेलं असतं. शेवटी एक ओळ, किती अपग्रेड, किती नवीन, किती काढणार, किती जसेच्या तसे. त्याखाली वाय किंवा एन. इथे कॅपिटल वाय म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी हो. म्हणजे चालू डेटाबेस बंद पडायला एक एंटर पुरतं, आणि -वाय लावलं असेल तर तो पण लागत नाही.

तेव्हा सवय अशी लावा की सगळ्यात आधी शेवटच्या ओळीत टू रिमूव्हच्या आधीचा (नव्या ॲप्टमध्ये रिमूव्हिंगच्या पुढचा) आकडा बघायचा. शून्य असेल तर निम्मी काळजी मिटली. शून्य नसेल तर वर जाऊन प्रत्येक नाव वाचायचं आणि एक जरी नाव ओळखीचं किंवा महत्त्वाचं वाटलं तर एन. नंतर निवांत शोधता येतं की हे का काढतंय. आणि नुसतं बघायचं असेल, काही करायचं नसेल, तर -एस लावा:

ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल मायएसक्यूएल-सर्व्हर

ही नुसती रंगीत तालीम आहे, काय काय होईल ते सगळं दाखवते आणि एकाही फाइलला हात लावत नाही, सुडो पण लागत नाही. मला विचाराल तर अख्ख्या ॲप्टमध्ये सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात कामाचा ऑप्शन हा आहे.

दुसरी थांबून वाचायची जागा म्हणजे कॉन्फिग फाइलचा प्रश्न. तुम्ही एनजिनएक्सची (वेब सर्व्हरची) कॉन्फिग फाइल हाताने बदललेली असते, नवीन व्हर्जनमध्ये पॅकेजवाल्यांनी पण ती बदललेली असते, मग डीपीकेजी अपग्रेडच्या मध्येच थांबतो आणि विचारतो की कुठली ठेवू. वाय किंवा आय म्हणजे पॅकेजमधली नवीन घे, एन किंवा ओ म्हणजे माझी आहे तीच ठेव, डी म्हणजे दोन्हींतला फरक दाखव. डीफॉल्ट एन आहे, म्हणजे एंटर दाबलं तर तुमची फाइल सुरक्षित राहते आणि नवीन फाइल शेजारी .डीपीकेजी-डिस्ट नावाने ठेवली जाते. तुम्ही वाय म्हटलं तर तुमची जुनी .डीपीकेजी-ओल्ड नावाने राहते, पूर्ण गायब होत नाही. पण एसएसएचच्या (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) बाबतीत, जिथे हाच प्रश्न वेगळ्या मेनूत येतो, हे लक्षात असू द्या की तुम्ही पोर्ट बदललेला असेल आणि पॅकेजमधली नवीन फाइल घेतली तर सर्व्हिस रीस्टार्ट झाल्यावर ती मूळच्या पोर्टवर जाईल, फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंद असेल तर चालू सेशन टिकेल पण नवीन लॉगिन होणार नाही. म्हणून आधी फरक बघा, मग ठरवा, आणि एसएसएचला हात लागला असेल तर चालू सेशन बंद न करता दुसऱ्या विंडोतून लॉगिन होतंय का ते तपासा. अपग्रेड झाल्यावर /ईटीसी या कॉन्फिगच्या फोल्डरमध्ये .डीपीकेजी-डिस्ट फाइल्स शोधून बघायची पण सवय ठेवा, त्यात कधी कधी नवीन आवश्यक सेटिंग असते.

अपग्रेड संपलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. डिस्कवरची लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच वापरत राहतो, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं भोक बुजवणारा अपडेट टाकला आणि वेब सर्व्हर रीस्टार्टच केला नाही तर भोक तसंच आहे. नीडरीस्टार्ट नावाचं पॅकेज हे तपासतं, उबुंटू सर्व्हरवर हल्ली ते आधीपासून असतं आणि अपग्रेडनंतर कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या ते सांगतं. कर्नलसाठी तर रीबूटच लागतो. /व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल दिसली की रीबूट बाकी आहे असं समजा.

कधी कधी अपग्रेड करताना काही पॅकेजेस केप्ट बॅक (मागे ठेवलेली) म्हणून दाखवतं आणि लोक लगेच जबरदस्तीने ती इन्स्टॉल करायला जातात. थांबा. एक कारण हे असू शकतं की ते अपग्रेड करायला काहीतरी काढावं लागणार आहे. दुसरं कारण उबुंटूवर असतं, तिथे अपडेट सगळ्या मशीनना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देतात म्हणजे काही गडबड निघाली तर थोड्याच मशीनवर निघावी, तुमच्या मशीनचा नंबर आला की ते आपोआप येतं. तेव्हा आधी -एस लावून कारण बघा, टप्प्यांमुळे असेल तर सोडून द्या.

काढण्याबद्दल. ॲप्ट रिमूव्ह प्रोग्राम काढतं पण /ईटीसी मधली कॉन्फिग तशीच ठेवतं, ॲप्ट पर्ज ती पण काढतं. नुसतं रिमूव्ह केलेली पॅकेजेस डीपीकेजी -एलच्या यादीत पुढे आरसी अक्षरं घेऊन दिसतात, म्हणजे पॅकेज काढलंय, कॉन्फिग बाकी आहे. डेटाबेसच्या बाबतीत पर्ज करताना जपून, काही डेटाबेस पॅकेजेस पर्जच्या वेळी डेटा फोल्डर पण काढू का असं विचारतात, तिथे घाईत हो म्हटलं की बॅकअप हाच एक आधार उरतो.

ऑटोरिमूव्ह चांगलं आहे पण ते कसं ठरवतं ते माहीत पाहिजे. तुम्ही स्वतः नाव घेऊन इन्स्टॉल केलेलं पॅकेज मॅन्युअल, आणि त्याच्यासाठी म्हणून आलेलं ते ऑटो अशी खूण ॲप्ट करून ठेवतं. ज्या ऑटो पॅकेजची आता कोणाला गरज नाही ते ऑटोरिमूव्ह काढतं. गडबड होते मेटापॅकेजमुळे, म्हणजे ज्यात स्वतःचं काही नसतं, फक्त दहा दुसरी पॅकेजेस ओढून आणायची असतात. ते मेटापॅकेज काढलं की ती दहाच्या दहा पॅकेजेस पोरकी होऊ शकतात, आणि पुढच्या ऑटोरिमूव्हला, जो कदाचित दुसराच माणूस चालवेल, ती सगळी जाऊ शकतात. त्यातलं हवं असेल ते आधी सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल आणि पॅकेजचं नाव असं करून ठेवा. ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल ही यादी अधूनमधून काढून वाचली तर सर्व्हर कशासाठी आहे ते बऱ्यापैकी कळतं, दुसऱ्याने बनवलेला सर्व्हर ताब्यात घेताना मी पहिल्यांदा हीच यादी बघतो.

आता बाहेरच्या रिपॉझिटरी. डिस्ट्रोमधलं व्हर्जन जुनं वाटतं म्हणून लोक लगेच बाहेरची जोडतात, पण बहुतेक वेळा गरज नसते. डेबियन आणि उबुंटू एलटीएस (उबुंटूची जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) सहसा व्हर्जन नंबर वर नेत नाहीत, सिक्युरिटीची दुरुस्ती जुन्याच व्हर्जनमध्ये आणून बसवतात, त्यामुळे नंबर जुना दिसला तरी भोक बुजलेलं असू शकतं. ॲप्ट चेंजलॉग आणि पॅकेजचं नाव दिलं की कोणती दुरुस्ती कधी आली ते सीव्हीई नंबरसकट (प्रत्येक भोकाला दिलेला जाहीर नंबर) दिसतं, कोणी स्कॅन रिपोर्ट दाखवून घाबरवलं तर आधी इथे बघा. एखादं फीचर खरंच नवीन व्हर्जनमध्येच असेल तर जोडा बाहेरची, पण की नीट ठेवा. पूर्वी ॲप्ट-की ॲड करायचे, त्याने ती की सगळ्याच रिपॉझिटरींसाठी विश्वासाची होऊन बसायची, म्हणून ती पद्धत आता बंद झाली आहे. आता की /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवायची आणि /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी मधल्या त्या एकाच रिपॉझिटरीच्या नोंदीत साइन्ड-बाय लिहून तिच्यापुरती बांधायची. एखादं पॅकेज नेमकं कुठून येतंय ते ॲप्ट पॉलिसी आणि पॅकेजचं नाव दिलं की दिसतं, इन्स्टॉल असलेलं व्हर्जन, येऊ घातलेलं व्हर्जन आणि खाली प्रत्येक व्हर्जनची जागा. रिपॉझिटरी जोडल्यावर लगेच हे चालवा, म्हणजे एका पॅकेजसाठी जोडलेली रिपॉझिटरी आणखी चार पॅकेजेस गुपचूप बदलणार असेल तर आधीच कळेल.

कर्लने नेटवरून स्क्रिप्ट ओढून थेट सुडो बॅशला चालवायला देणं आणि सुडो पिप इन्स्टॉल (पिप हा पायथनचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर) हे दोन्ही टाळा. त्याने आलेल्या फाइल्सची डीपीकेजीकडे नोंदच नसते, डीपीकेजी -एस (इथे मात्र एस कॅपिटल) आणि फाइलचा पाथ दिला तर एरवी ही फाइल कोणत्या पॅकेजची ते सांगतं, या फाइल्सना काहीच सापडत नाही. त्या कधी अपडेट होत नाहीत आणि कोणी काढत पण नाही. डेबियन १२ पासून तर पिप स्वतःच नकार देतं, सिस्टिमचं पायथन बाहेरून सांभाळलं जातंय असा मेसेज येतो, तो नकार मोडणारा ऑप्शन पण त्याच मेसेजमध्ये लिहिलेला असतो, तो वापरू नका, व्हीएन्व्ह (पायथनचं वेगळं फोल्डर) करून त्यात टाका.

व्हर्जन बांधून ठेवायचं असेल तर सुडो ॲप्ट-मार्क होल्ड आणि पॅकेजचं नाव, सोडायचं असेल तर अनहोल्ड. होल्ड केलेल्याला सिक्युरिटीचा अपडेट पण मिळत नाही हे विसरतात लोक, म्हणून ॲप्ट-मार्क शोहोल्ड चालवून बघत जा, आणि होल्ड का लावला ते कुठेतरी लिहून ठेवा.

सिक्युरिटीचे अपडेट हाताने करायची वाट बघू नका, अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू ठेवा. कॉन्फिग /ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी मध्ये ५०अनअटेंडेड-अपग्रेड्स या फाइलमध्ये असते, काय काय आपोआप घ्यायचं ते तिथे ठरतं, आपोआप रीबूट डीफॉल्टला बंद असतो. सुडो अनअटेंडेड-अपग्रेड --ड्राय-रन --डीबग चालवून आज रात्री काय होईल ते बघता येतं.

हे चालू असलं की कधीतरी तुम्हाला लॉकचा मेसेज येणार, /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड मिळत नाही म्हणून. नेटवर लगेच उत्तर सापडतं की ती फाइल डिलीट करा. अजिबात करू नका. मेसेजमध्येच कोणत्या प्रोसेसने लॉक धरलाय त्याचा नंबर असतो, बहुतेक वेळा तो अनअटेंडेड-अपग्रेडच असतो आणि थोड्या वेळात संपतो. लॉक फाइल उडवून दोन डीपीकेजी एकदम चालवले तर नोंदवहीच बिघडते आणि मग ती सुधारणं फार अवघड जातं.

अपग्रेड मध्येच तुटलं, नेट गेलं, एसएसएच सुटलं, तर घाबरायचं काही नाही. आधी सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, म्हणजे अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण होतात, मग सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, आणि इथेही यादी वाचायची, दुरुस्तीच्या नावाखाली ते काहीतरी काढायला सुचवू शकतं. मोठा अपग्रेड टीमक्समध्ये (सर्व्हरवरच चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) चालवला तर एसएसएच सुटलं तरी आत तो चालूच राहतो. आणि एरर विचित्र वाटली तर डीएफ -एच बघा, डिस्क भरलेली असेल, खासकरून /बूट वेगळं पार्टिशन असेल तर जुन्या कर्नलनी भरतं, तिथे ऑटोरिमूव्ह कामाला येतं.

रेड हॅटच्या घराण्यातल्या सर्व्हरवर हेच सगळं डीएनएफने होतं, आणि तिथे एक फार चांगली सोय आहे, डीएनएफ हिस्टरीत प्रत्येक व्यवहाराला नंबर असतो आणि डीएनएफ हिस्टरी अनडू आणि तो नंबर दिला की तो व्यवहार उलटवायचा प्रयत्न करतं. डेबियन १२ किंवा उबुंटू २४.०४ मधल्या ॲप्टमध्ये असं अनडू नाही. पण लॉग आहे. /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग उघडलं की कधी, कोणी, कोणती कमांड दिली आणि प्रत्येक पॅकेज कोणत्या व्हर्जनवरून कोणत्या व्हर्जनवर गेलं ते सगळं सापडतं. काल रात्रीपासून साइट बंद आहे अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हे बघतो. मागे जायचं असेल तर तिथला जुना व्हर्जन नंबर उचलायचा आणि सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पॅकेजचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि तो नंबर, मध्ये स्पेस न देता. रिपॉझिटरीत जुनं व्हर्जन उरलेलं असेल तरच हे चालतं, ते ॲप्ट पॉलिसीत आधी बघून घ्या. /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्हज मध्ये जुनी .डेब मिळू शकते, पण ॲप्ट कमांड इन्स्टॉल झाल्यावर डाउनलोड केलेल्या फाइल्स काढून टाकते, ॲप्ट-गेट ठेवते, त्यामुळे त्यावर विसंबू नका. डेटाबेसच्या पॅकेजला हा मार्ग नकोच, नवीन व्हर्जनने डेटाच्या फाइल्सचा फॉर्मॅट बदललेला असेल तर जुनं व्हर्जन त्या उघडणार नाही, तिथे अपग्रेडच्या आधी डंप (डेटाची प्रत) आणि स्नॅपशॉट (अख्ख्या डिस्कची प्रत) दोन्ही घ्या आणि मगच वाय दाबा.